स्मारकाचं दार रस्त्यावर उघडू द्या

स्मारक म्हटलं की आपल्याकडे आधी उंची विचारतात. मग खर्च, मग भूमिपूजनाला कोण येणार. दार किती वाजता उघडणार, आत बसायला जागा आहे का, किल्ली कोणाकडे राहणार, असले प्रश्न फीत कापून झाल्यावर सुचतात, सुचलेच तर. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि समुद्र अजून तसाच आहे. इंदू मिलच्या जागेवरच्या आंबेडकर स्मारकाचं भूमिपूजन त्याच्याही आधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये झालं. ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. ही राज्याच्या पातळीवरची दुखणी, त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते ठाण्याबद्दल आणि खाडीपलीकडच्या नवी मुंबईबद्दल. ही दोन्ही शहरं सध्या पाडून पुन्हा बांधली जात आहेत, आणि या खेपेला जे नकाशात बसणार नाही ते पुढची पन्नास वर्षं बसणार नाही.

नौपाड्यात, पाचपाखाडीत, विष्णुनगरात चार पावलांवर पत्र्याचं कुंपण लागतं. वाशीत सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, बांधलेल्या इमारतींचे स्लॅब नव्वदच्या दशकापासून कोसळू लागले होते. राज्याने २०१५ मध्ये त्यांना अडीच चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या अडीच पट बांधकाम, मंजूर केला आणि आता तिथे टॉवर उभे राहताहेत. वागळे इस्टेटीत किसननगरच्या क्लस्टरचं, म्हणजे अख्ख्या वस्तीच्या एकत्रित पुनर्विकासाचं, भूमिपूजन ५ जून २०२३ला झालं. ठाण्यातली क्लस्टर योजना सगळी मिळून सुमारे १५०० हेक्टरांची आहे. एवढ्या मोठ्या उलथापालथीत स्मारकांची फाईल एका टेबलावर आणि सुविधांची दुसऱ्या टेबलावर फिरते. स्मारकासाठी ठराव होतो, पुतळा येतो, चौथरा बांधला जातो. सुविधेसाठी आरक्षण पडतं, ते उठवलं जातं, मग पुन्हा पडतं. माझं म्हणणं असं की या दोन फायली एकत्र बांधा. शहराला ज्याची आठवण ठेवायची आहे त्याच्या नावाने रोजच्या वापराची सार्वजनिक जागा करा, ती तळमजल्यावर, रस्त्याकडे दार असलेली असू द्या, आणि बांधकाम परवानगीच्या अटींत ती तारखेसकट लिहा.

आधी नियम काय सांगतो ते पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत भूखंड २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तरच पाच टक्के जागा सुविधेसाठी सोडावी लागते. दहा टक्के मोकळी जागा सोडायची ती ४,००० चौरस मीटरपासून पुढे. नौपाड्यातल्या सोसायटीचा भूखंड साधारण हजार चौरस मीटरच्या आतबाहेर. म्हणजे एका गल्लीतल्या वीस इमारती एकामागून एक पाडल्या, वीस टॉवर आले, गल्लीतली कुटुंबं दुप्पट झाली, गाड्या तिप्पट झाल्या, तरी नियमाने रस्त्यावर एक बाकसुद्धा वाढत नाही. वीस वेळा नियम पाळला जातो आणि एकूण बेरीज शून्य येते. कुणी चोरी केलेली नसते. चोर सापडत नाही म्हणून तर हे थांबत नाही.

आमच्याच गल्लीतलं सांगतो. एका जुन्या तीन मजली इमारतीत, रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून, वाचनालयाची एक खोली होती. सकाळी वर्तमानपत्रं, दुपारी शाळेतून परतणारी मुलं, संध्याकाळी मासिकं बदलायला येणाऱ्या बायका. माळ्यावर सुतळीने बांधलेले जुने दिवाळी अंक. आत शिरताना डाव्या हाताला संगमरवरी पाटी होती, गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात लाठ्या खाऊन आलेल्या, याच गल्लीत राहिलेल्या एका शिक्षकांच्या नावाची. खोली चालवणारं मंडळ नाममात्र भाड्याचं भाडेकरू होतं. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा सर्वसाधारण सभेत कॉर्पस (विकासकाने सोसायटीला द्यायचा निधी), शिफ्टिंगचं भाडं, वाढीव कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ) यांवर दोन तास खडाजंगी झाली आणि वाचनालयाचा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात पाच मिनिटांत आटोपला. मंडळाला चेक मिळाला. नव्या इमारतीत तळमजल्यावर पार्किंग, वर पोडियम, पोडियमवर जिम. पाटी फेकली नाही, हे विकासकाच्या बाजूने सांगायलाच हवं. ती लिफ्टच्या लॉबीत, वॉचमनच्या टेबलामागे भिंतीत बसवली आहे. टेबलावर ऑनलाईन मागवलेल्या खोक्यांचा ढीग असतो, त्यावरून नावाची पहिली ओळ तेवढी दिसते. आणि ॲपवर नोंद झाल्याशिवाय बाहेरच्या माणसाला त्या लॉबीत सोडत नाहीत. एका सार्वजनिक माणसाची आठवण आता सत्तावीस फ्लॅटधारकांची खासगी मालमत्ता झाली आहे.

सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालचा, सोसायट्यांच्या पुनर्विकासाबद्दलचा ४ जुलै २०१९चा शासन निर्णय वाचला की सभासदांच्या हिताची काळजी किती बारकाईने घेतली आहे ते दिसतं: सल्लागार कसा नेमायचा, निविदा कशा मागवायच्या, बँक हमी केवढी. गल्लीचा त्यात उल्लेख नाही, आणि असायचं कारणही नाही. तो सोसायट्यांसाठी आहे. गल्लीचा विचार महापालिकेने करायचा. ती प्रत्येक प्रकल्पाकडून विकास शुल्क घेते, वाढीव चटई क्षेत्रासाठी प्रीमियम घेते. हा पैसा तिजोरीत जातो आणि कुठल्या तरी उड्डाणपुलाच्या बिलात विरघळतो. त्यातला काही भाग रोखीऐवजी बांधीव जागेच्या रूपात घ्यायला काय हरकत आहे? पाच-सहा प्रकल्पांचा मिळून हिशेब धरायचा आणि त्यांतल्या सोयीच्या एका इमारतीत तळमजल्यावर हजार-दीड हजार फुटांचा गाळा महापालिकेच्या नावे करून घ्यायचा. समावेशक आरक्षणाचं तत्त्व आपल्याकडे आहेच: आरक्षित जागेचा मालक सुविधा बांधून महापालिकेला देतो आणि उरलेल्या जागेवर स्वतःचं बांधकाम करतो. ते तत्त्व आरक्षण नसलेल्या छोट्या भूखंडांपर्यंत, एकत्र मोजणी करून, न्यायचं एवढंच.

यात स्मारक कुठून आलं, असं कुणी विचारेल. गाळा मिळवणं सोपं, तो टिकवणं कठीण. ‘सुविधा’ असं मोघम नाव दिलेली खोली दोन वर्षांत पंपांचं कोठार होते, हे कुठल्याही प्रभागात फिरून बघावं. तिला नाव असलं, त्या नावाची माणसं असली, वर्षातून दोन-तीनदा तिथे काही घडत असलं, तर तिच्यावर हात टाकायला कुणी सहजासहजी धजत नाही. आणि उलट बाजूने, नावाला रोज माणसं लागतात.

गडकरी रंगायतनच घ्या. १९७८ मध्ये मासुंदा तलावाच्या काठी उभं राहिलेलं ते नाट्यगृह. राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उभारून ठाण्याने जे मिळवलं नसतं ते या नाट्यगृहाने मिळवलं. ‘गडकरीला रविवारी दुपारचा प्रयोग आहे’ हे वाक्य या गावात दर आठवड्याला हजार तोंडांतून निघतं. ते नूतनीकरणासाठी बंद होतं तेव्हा नाटकवाल्यांइतकेच तलावपाळीवरचे वडापाववालेही हवालदिल झाले होते. नौपाड्यात आचार्य अत्र्यांच्या नावाचा कट्टा चालतो, त्याला तर स्वतःचं छप्परही नाही. बागेत खुर्च्या मांडतात, वक्ता येतो, लोक येतात. अत्र्यांना संगमरवरात बसवण्यापेक्षा हे बरं, त्यांना स्वतःला तर नक्कीच आवडलं असतं.

नवी मुंबईत ऐरोलीच्या सेक्टर १५ मध्ये महापालिकेने बांधलेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक मला या बाबतीत सगळ्यांत पुढे गेलेलं वाटतं. २०२१च्या डिसेंबरपासून ते पूर्णपणे खुलं आहे. तिथे ग्रंथालय आहे, ई-लायब्ररी आहे, जीवनपट मांडणारं दालन आहे, सभागृहात व्याख्यानं होतात. ज्या माणसाने पुस्तकांसाठी घर बांधलं त्याच्या स्मारकात पुस्तकं असणं ही साधी गोष्ट आहे, पण एवढी साधी गोष्ट सुचायला आपल्याला पुष्कळ पुतळे उभारावे लागले. माझी तक्रार एवढीच की असं एखादंच आहे, आणि ते वेगळ्या, मोठ्या भूखंडावर आहे. वाशी-नेरूळच्या पाडल्या जाणाऱ्या सेक्टरांत असा भूखंड आता कुठून आणणार? तिथे तळमजलाच शोधावा लागेल.

नाव दिलं की भागलं, असंही नाही. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाला विठ्ठल सायन्ना या देणगीदाराचं नाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक ‘सिव्हिल’ म्हणत आले. जुनी दगडी इमारत पाडून तिथे ९०० खाटांचं नवं रुग्णालय बांधलं जात आहे. देणगीतून दवाखाना उभा राहतो, ही आजच्या ठाण्याला मुद्दाम सांगावी अशी गोष्ट आहे. पण ती केसपेपरच्या खिडकीपाशी, जिथे माणूस तासभर रांगेत उभा असतो, तिथल्या भिंतीवर सांगितली तरच कुणी वाचेल. उद्‌घाटनाच्या कोनशिलेवर मंत्र्यांची नावं कशी असतात आणि किती ठळक असतात ते आपण जाणतोच.

आणि नुसती आठवण, वापराशिवाय, कशी कुजते त्याचा नमुना महाराष्ट्रभर पसरलेला आहे. ऐंशीच्या दशकात राज्याने गावोगावी हुतात्मा स्मारकं बांधली, दोनशेच्या आसपास, एकाच साच्यातून काढल्यासारखी. हेतू चोख होता. बांधायला निधी होता, चालवायला माणूस नव्हता. बरीचशी कुलपात गेली, काहींच्या पायऱ्यांवर रात्री बाटल्या दिसतात.

याच्या उलट टोकाला ठाण्याचं कारागृह. कळव्याकडे जाताना उंच भिंत दिसते तो मुळात किल्ला: पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले. राघोजी भांगरेंना १८४८ मध्ये इथे फाशी झाली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फासावर चढवलं. ठाण्यात याहून वजनदार जागा नाही. पण ती भिंतीआड आहे. चालू तुरुंगात शाळेची सहल नेता येत नाही. तुरुंग शहराबाहेर हलवावा ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते. कधी तरी तो हलेल. त्या दिवशी एवढी मोठी जमीन शहराच्या ऐन मध्यात मोकळी झालेली पाहून कुणाकुणाच्या तोंडाला पाणी सुटेल ते सांगायला नको. म्हणून आजच, तुरुंग जागेवर असताना, विकास आराखड्यात लिहून ठेवायला हवं की तटाच्या आतलं अंगण हे मैदान राहील, फाशीच्या जागेभोवतीचा भाग आहे तसा राहील, आणि बराकींत संग्रहालयाबरोबर अभ्यासिका चालेल. तिथल्या फाशीघरात मात्र अभ्यासिका नको, कॅफे तर मुळीच नको. काही जागा गप्प राहू द्याव्यात. सगळंच वापरात आणा असं माझं म्हणणं नाही.

क्लस्टरचा मामला वेगळा आहे, आणि तिथला आक्षेप सगळ्यांत खरा आहे. शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत ४ एप्रिल २०१३ला कोसळली, ७४ माणसं गेली. अशा इमारतींत जीव मुठीत धरून राहणाऱ्या माणसापुढे स्मारकाची गोष्ट काढली तर तो म्हणणारच, ‘साहेब, आधी घर द्या.’ त्याचं बरोबर आहे. पण ते घर ३२३ चौरस फुटांचं आहे. त्यात पाच माणसं, टीव्ही, शिलाई मशीन, आजारी सासरे. दहावीतल्या मुलीने अभ्यासाला बसायचं कुठे? आजवर ती गॅलरीत, शेजारच्या ओट्यावर, देवळाच्या मंडपात बसत होती. टॉवरमध्ये ओटा नाही आणि विसाव्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये बसलं तर सोसायटीची नोटीस येते. घर जितकं लहान तितकी घराबाहेरची खोली गरजेची. हिरानंदानीतल्या तीन बेडरूमवाल्याला अभ्यासिका नसली तरी चालेल, किसननगरात नाही चालणार. म्हणून क्लस्टरमध्ये अभ्यासिका, पाळणाघर, दवाखाना हे रिहॅबच्या (पुनर्वसनाच्या) इमारतींबरोबर आणि सेल बिल्डिंगच्या (बाहेर विकायच्या इमारतीच्या) आधी पुरे व्हायला हवेत.

इथे तारखेचा मुद्दा येतो, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांच्या राज्य नियामकाने, २०२४ मध्ये आदेश काढून विकासकांना सांगितलं की क्लबहाऊस, तरण तलाव, जिम वगैरे सुविधा कधी मिळणार याची तारीख विक्री करारातच लिहा. उत्तम झालं. पण म्हणजे आज अशी स्थिती आहे की फ्लॅटधारकाच्या तरण तलावाला तारीख आहे आणि वस्तीच्या वाचनालयाला नाही. महापालिकेच्या हातात भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत वापरायच्या परवानगीची (ओसी), चावी आहे. सार्वजनिक खोली ताब्यात आल्याशिवाय विक्रीच्या इमारतीला ओसी नाही, एवढी एक अट घातली की अशा खोल्या भराभर बांधून होतील.

तारीख नसली की काय होतं ते घणसोलीत झालं. तिथे २००३ मध्ये २० एकर जागा शासकीय क्रीडा संकुलासाठी ठेवली होती. पुढे त्यातला भाग सिडकोने निवासी बांधकामासाठी खासगी विकासकाला दिला आणि राज्याने २०२१ मध्ये ठरवलं की संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात न्यावं, म्हणजे सुमारे ११५ किलोमीटरवर. घणसोलीच्या पोरांनी संध्याकाळी खेळायला माणगावला जायचं होतं! वास्तुविशारदांची संस्था न्यायालयात गेली, मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा निर्णय रद्द केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा तिथेही सिडकोला चार शब्द ऐकावे लागले. पण २००३ ते २०२४ या काळात एक अख्खी पिढी मैदानाशिवाय वाढली ती वाढलीच.

आता नाजूक भाग. नाव कोणाचं? इथे प्रत्येक पक्ष आपापला फोटो घेऊन तयार असतो, आणि शहरभर तीच पाच-सहा नावं फिरत राहतात. माझा साधा आग्रह आहे: ज्या जमिनीवर बांधताय तिच्यातून नाव यावं. नवी मुंबईची जमीन शेतकऱ्यांची आणि मिठागरांची होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. आज त्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर हजारो फ्लॅट उभे आहेत आणि त्यांत राहणाऱ्या बहुतेकांना त्या पाच जणांची नावं ठाऊक नाहीत. जासईला स्मारक आहे, पण ते जासईला आहे. सानपाड्यातल्या, कोपरखैरण्यातल्या एखाद्या नव्या समाजमंदिराच्या भिंतीवर तो इतिहास यायला काय अडचण आहे? ठाण्यात रेमंडची गिरणी २००९ मध्ये बंद पडली, तिथे आता टॉवर आहेत. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची, पहिली वसाहत. तिथल्या पाळ्यांवर अर्धं ठाणं पोसलं गेलं. किसननगरातली जी माणसं आज क्लस्टरमध्ये घर घेणार आहेत त्यांच्यातल्या अनेकांचे वडील त्याच कारखान्यांत होते. कामगारांच्या नावाची अभ्यासिका तिथे शोभेल, आणि तिच्यावरून भांडायला कुठल्याच पक्षाला तोंड राहणार नाही.

रेल्वेचंही तेच. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यात पोचली. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये, मनोरुग्णालयाच्या जागेवर, नवं स्थानक होतंय. रोज लाखभर माणसं जिथून घाईघाईने जाणार तिथल्या पुलावर बसायला बाकडी, प्यायला पाणी आणि भिंतभर त्या पहिल्या गाडीची हकीकत असली तर गाडी चुकलेला माणूस ती वाचेल. वेगळं संग्रहालय बांधून तिकीट लावलं तर नाही वाचणार. कोलशेतच्या सेंट्रल पार्कला माझा आक्षेप तिकिटापुरताच आहे. साडेवीस एकरांची बाग आहे, देखणी आहे, पण तिकीट काढून शिरायचं म्हटलं की बाग ही सहल होते, रोज संध्याकाळची जागा होत नाही.

राहिला खर्च. विकासक सोसायटीला कॉर्पस देतो तसाच या खोलीलाही द्यावा. त्याच्या व्याजात एका ग्रंथपालाचा पगार आणि विजेचं बिल निघालं तरी पुष्कळ. चालवायला महापालिकेने स्वतः बसू नये. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. या गावात संस्था चालवणारी माणसं आहेत, त्यांना जागा नाही. खोली पाच वर्षांच्या कराराने अशा संस्थेकडे द्यावी, उघडण्या-बंद करण्याच्या वेळा दारावर रंगवून लिहाव्यात. आणि सलग तीन महिने बंद राहिली तर ती आपोआप महापालिकेकडे परत येईल अशी ओळ करारात घालावी, नाहीतर पुढच्या निवडणुकीला तिथे कुणाचं तरी संपर्क कार्यालय थाटलेलं दिसेल.